माणूस पोचला, पिशवी राहिली



खानदेशच्या माणसाने शिडाच्या नौकेवर बोलायला बसावे, हे ऐकून कोणाला हसू येईल. आपल्याकडे पाणी म्हणजे विहिरीचे, पाटाचे, फार तर तापीचे आणि पांझरेचे. शिडे, नांगर, भरती-ओहोटी हे सगळे कोकणातले. पण पोटाची वाट माणसाला कोठे नेईल ते सांगता येत नाही. मी धुळे तालुक्यातला. माझे वडील विहिरीवरची डिझेल इंजिने दुरुस्त करीत. मीही तेच शिकलो. आणि आज वर्षातले काही महिने मी एका परदेशी शिडाच्या नौकेवर इंजिन सांभाळतो.

शिडाच्या नौकेला इंजिन कशाला, असा प्रश्न मला गावात नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. भर समुद्रात शीडच नौकेला नेते. पण बंदरात शिरताना, वारा पडल्यावर आणि दिव्यांच्या बॅटऱ्या भरायला इंजिन लागते. ते आपल्या मळ्यातल्या इंजिनाचेच भावंड. फरक एवढाच, की त्याला थंड ठेवायला समुद्राचे पाणी खेचावे लागते. ते खेचणाऱ्या पंपात तळहातावर मावेल एवढा रबरी पंखा असतो. त्याला इम्पेलर म्हणतात. त्याच्या पाकळ्या तुटल्या की पाणी थांबते, आणि पाणी थांबले की इंजिन तापून अडते. हा रबरी पंखा आपण ध्यानात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

दोन-तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी मी गावी आलो होतो. नौका मलेशियातल्या लांगकावी बेटाच्या बंदरात बांधून ठेवली होती. नौकेचे मालक म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक जोडपे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी परत यायचे आणि मग पश्चिमेला श्रीलंकेतल्या गॉल बंदराकडे निघायचे, असे ठरले होते. हा प्रवास सुमारे १,२०० सागरी मैलांचा. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर.

जानेवारीच का, तर समुद्रालाही हंगाम असतो. साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत त्या भागात ईशान्येचे वारे वाहतात. ते पाठीशी घेऊन नौका पश्चिमेकडे जातात. पुढे वारा फिरतो आणि नैर्ऋत्येचा पाऊस समुद्र ढवळून काढतो. आपले कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा पाण्यात लोटतात, ते याच कारणाने. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वापसा गेला की पेरणी साधत नाही, तसे वारा गेला की प्रवास साधत नाही.

निघायच्या आदल्या रात्री आईने माझी पिशवी भरली. काळ्या रंगाची मोठी पिशवी. तिच्यात कपडे, वडिलांच्या हातचा पान्यांचा संच, मुंबईहून मागवलेले दोन नवे रबरी पंखे, त्यांची पावती, आणि एका स्टीलच्या डब्यात ज्वारीच्या बिबड्या. त्या डब्यावर आपल्या रिवाजाप्रमाणे आईवडिलांची नावे आणि लग्नाची तारीख कोरलेली होती. तसले दोन डबे आईला लग्नात आले होते. एक तिने मला दिला, दुसरा घरी राहिला.

धुळ्याहून मी चाळीसगाव गाठले. तिथून मुंबईची गाडी धरायची होती. चाळीसगावला लख्ख ऊन पडलेले. पण गाडी उत्तरेतून येणारी, आणि जानेवारीत तिकडे धुके. त्या धुक्यामुळे आमच्या उन्हातली गाडी सात तास उशिरा आली! मी मुंबईच्या विमानतळावर पोचलो तेव्हा माझे विमान जाऊन चार तास झाले होते. जादा पैसे भरून दुसऱ्या दिवशीचे तिकीट घेतले. ते क्वालालंपूरला विमान बदलून लांगकावीला जाणारे होते.

मुंबईला आणखी एक अडचण आली. खिडकीवरच्या बाईंनी विचारले, “परतीचे तिकीट कोठे आहे?” मी म्हणालो, “बाई, मी विमानाने जाणार, पण तिथून निघणार नौकेने.” हे उत्तर त्यांच्या यंत्रात बसेना. नशीब असे, की नौकेच्या मालकांचे पत्र आणि नौकेच्या नोंदणीची प्रत माझ्या खिशात होती. ती वरच्या साहेबांना दाखवली तेव्हा सुटका झाली. तेवढे कागद पिशवीत असते, तर मी तिथेच अडकलो असतो.

मुंबईचे विमान तासभर उशिरा सुटले. क्वालालंपूरला मी धावत सुटलो आणि पुढच्या विमानाचे दार लागता लागता आत शिरलो. मनात म्हटले, साधले! पण माणसाला पाय असतात, पिशवीला नसतात. लांगकावीला फिरत्या पट्ट्यावरून सगळ्यांचे सामान गेले. शेवटी पट्टा रिकामा फिरू लागला आणि मग थांबला. माझी पिशवी आली नाही.

हे माझ्याच नशिबी आले असे समजू नका. २०२३ साली जगभरात दर हजार विमानप्रवाशांमागे सुमारे सात नग उशिरा पोचले, मोडले किंवा हरवले. त्यांतले जवळजवळ निम्मे विमान बदलताना चुकले होते. भुसावळला गाडी बदलताना पोरांना आणि गाठोड्यांना सांभाळणारी आपली माणसे ही गोष्ट न शिकता जाणतात. जिथे बदल, तिथे धोका.

विमानतळावरच्या कारकुनाने फॉर्म पुढे केला. पहिला प्रश्न, पिशवी कशी होती? मी म्हणालो, काळी. तो हसला नाही, पण त्याने माझ्यापुढे पिशव्यांच्या चित्रांचा तक्ता ठेवला. निम्म्या जगाची पिशवी काळीच असते हे मला त्या वेळी कळले. दुसरा प्रश्न, आत काय होते? मी पाने सांगितले, रबरी पंखे सांगितले, कपडे सांगितले. बिबड्यांना काय म्हणावे ते मला सुचेना आणि लिहावे कसे ते त्याला कळेना. शेवटी त्याने “स्टीलचा डबा, खाण्याचा जिन्नस” एवढे लिहिले. डब्यावर नावे कोरली आहेत, हेही मी लिहायला लावले.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. पिशवी सापडली तर कोणत्या पत्त्यावर पाठवू? आता नौकेला पत्ता कोठला? आज ती या धक्क्याला, परवा समुद्रात, महिन्याने दुसऱ्या देशात. मी बंदराच्या कचेरीचा पत्ता दिला. कारकून म्हणाला, “कायमचा पत्ताही लिहा.” मी गावचा पत्ता लिहिला. पुढे काय होणार याची कल्पना नव्हती, पण हात आपोआप घरचा पत्ता लिहून गेला.

नौकेवर पोचलो आणि खरी पंचाईत कळली. पंपातला पंखा उघडून पाहिला तर त्याच्या दोन पाकळ्या गेलेल्या. नवे दोन पंखे पिशवीत, आणि पिशवी कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. ही चूक मी दुसऱ्या कोणावर घालणार नाही. पाने हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, ते पिशवीत घालणे भागच होते. पण रबरी पंखा? तो कोटाच्या खिशात मावला असता. ज्याच्यावाचून काम अडते ती वस्तू मी नजरेआड केली, आणि ज्या वर्तमानपत्रावाचून काही अडत नाही ते बगलेत धरून सगळा प्रवास केला.

मालकांना मी खरे ते सांगितले. मालक बोलले नाहीत. मालकीणबाईंनी हवामानाचा कागद पुढे ठेवला. पुढचे दहा-बारा दिवस वारा चांगला होता. शेजारच्या नौका एकेक करून सुटत होत्या. आम्ही एक दिवस थांबलो, दोन दिवस थांबलो. मी रोज फोन करी आणि रोज उत्तर मिळे, शोध चालू आहे.

घरी फोन केला. आईने विचारले, “काय व्हयनं रे भाऊ?” मी सांगितले. ती पिशवीबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, बापाचे पाने त्यात होते ना? मला उत्तर देता आले नाही.

पण जवळच नववीत शिकणारी माझी पुतणी बसली होती. तिने फोन घेतला आणि विचारले, “काका, डब्यावर नाव आहे ना? तसलाच दुसरा डबा आपल्या फळीवर आहे. मी त्याचा फोटो पाठवू का?” मी कबूल करतो, एवढ्या वर्षांच्या प्रवासात मला हे सुचले नव्हते. तिने डबा पुसून, नावे नीट दिसतील असा फोटो काढला. मी तो तक्रारीच्या क्रमांकासह विमान कंपनीकडे पाठवून दिला.

आता जरा मोठ्या प्रवाशांकडे वळू या. आपल्या नौदलाचे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला राहत असत. २०१८ साली ते वारले. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांची. त्यासाठी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटी “म्हादेई” बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी तिच्यातून मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. वाटेत ते चार ठिकाणी थांबले. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटल्टन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅनली आणि आफ्रिकेत केप टाउन. नौकेवर माणूस एकटा, पण किनाऱ्यावर त्याला साह्य करणारी माणसे होती. त्यांतलेच एक अभिलाष टॉमी.

पुढे १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात याच टॉमींनी त्याच म्हादेईतून कोठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली. न थांबणाऱ्याला फिरत्या पट्ट्यापाशी उभे राहावे लागत नाही, पण त्याला सुईपासून शिडापर्यंत सगळे आधीच बरोबर घ्यावे लागते. थांबणाऱ्याला वाटेत मदत मिळते, पण ती मदत वेळेवर पोचावी लागते. २०१७-१८ साली “तारिणी” नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाला फेरी घालून येत होत्या. घर जवळ आले असताना सुकाणूत बिघाड झाला आणि त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुईला, ठरलेले नसताना, थांबावे लागले. दुरुस्ती करून त्या २१ मे २०१८ रोजी गोव्याला पोचल्या. एवढ्या तयारीच्या माणसांनाही थांबावे लागते. म्हणून थांबण्याची लाज नको. थांबण्याची तयारी हवी.

आमची अडचण कशी सुटली ते सांगतो. पाचव्या दिवशी शेजारच्या नौकेवरचा एक म्हातारा खलाशी आमच्याकडे चहाला आला. त्याचे इंजिन आमच्याच जातीचे निघाले. तो उठून गेला आणि एक नवा पंखा घेऊन आला. पैसे घेईना. म्हणाला, पुढच्या बंदरात ज्याला लागेल त्याला तू दे. समुद्रावर असा उसना व्यवहार चालतो. आपल्याकडे इर्जिक चालते ना, तसाच.

पंखा बसला, इंजिन चालले. आता प्रश्न माझा होता. पिशवीसाठी थांबायचे की निघायचे? मालक म्हणाले, “तुझ्या वडिलांची हत्यारे आहेत. तू म्हणशील तर थांबू.” त्या रात्री मला झोप आली नाही. वडील असते तर काय म्हणाले असते? ते पेरणीच्या दिवसांत जेवण टाकून दुसऱ्याचे इंजिन सुरू करायला जात. हत्यार कामासाठी असते, काम हत्यारासाठी थांबत नाही, असे त्यांचे वागणे होते. सकाळी मी म्हणालो, “चला, वारा थांबणार नाही.” सहा दिवस वाया घालवून आम्ही सुटलो आणि अकराव्या दिवशी गॉलला पोचलो.

आता ज्यांची मुले पुण्या-मुंबईला, आखातात, युरोपात शिकायला किंवा कामाला जातात, त्यांनी चार गोष्टी लिहून घ्याव्या.

पहिली गोष्ट, ज्याच्यावाचून काम अडते ते अंगाजवळ ठेवा. कागद, औषधे, चष्मा, कामाची लहान वस्तू. मोबाइलच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक तर नियमानेच हातातल्या सामानात ठेवाव्या लागतात. नौकेवर जाणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. संकटकाळी पेटवायच्या मशाली विमानात मुळीच चालत नाहीत, आणि हवा भरून फुगणाऱ्या लाइफ जॅकेटच्या नळकांड्याला कंपनीची संमती आधी घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट, पिशवीला ओळख द्या. रंगीत फडके बांधा, बाहेर आणि आतही नाव, फोन व पत्ता ठेवा, बाहेरची चिठ्ठी फाटते. आतल्या वस्तूंची यादी करा, पिशवीचा आणि वस्तूंचा फोटो काढून घरी एकाकडे ठेवा.

तिसरी गोष्ट, सामान आले नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. परदेशी विमानप्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू पडतो. भारतात तो २००९ पासून अमलात आहे. त्याप्रमाणे, मोडलेल्या सामानाची लेखी तक्रार ते मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी. उशिरा आलेल्या सामानाची २१ दिवसांत करावी. यायच्या दिवसापासून २१ दिवसांत सामान आलेच नाही, तर ते हरवले असे धरून भरपाई मागता येते. दावा लावायची मुदत दोन वर्षे. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशाला १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय हिशोबाचे माप आहे. रुपयांत ही रक्कम पावणेदोन लाखांच्या आसपास जाते, दराप्रमाणे थोडी कमीजास्त. दरम्यान घ्याव्या लागलेल्या कपड्यांच्या पावत्या जपून ठेवा. पावती नाही, तर पैसा नाही.

चौथी गोष्ट रेल्वेची, कारण आपला निम्मा प्रवास भुसावळ-चाळीसगावच्या रुळांवरूनच होतो. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातले १०० वे कलम सांगते, की सामान पावती घेऊन नोंदवले असेल तरच त्याची जबाबदारी रेल्वेवर येते. डब्यात आपल्याजवळ ठेवलेल्या सामानाबद्दल रेल्वेचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. म्हणून आपली पिशवी आपणच सांभाळावी, आणि काही झाले तर १३९ या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

गुरुजींना माझी एक विनंती आहे. आपण मुलांना अर्ज लिहायला शिकवता. त्यांतला एक अर्ज हरवलेल्या सामानाचा असू द्या. वस्तूचे वर्णन नेमके कसे करावे, हे तासाभरात शिकवता येईल. “काळी पिशवी” लिहिणाऱ्याला शून्य गुण द्यावेत. मलाही तेवढेच मिळाले असते.

माझ्या पिशवीचे काय झाले? ती सारा वेळ क्वालालंपूरलाच पडून होती. वरची चिठ्ठी फाटली होती. बेवारस सामान उघडून पाहताना कोणाला तरी स्टीलचा डबा दिसला. त्यावरची देवनागरी अक्षरे तिथे कोणाला वाचता आली की नाही, मला ठाऊक नाही. पण पुतणीने पाठवलेल्या फोटोतली अक्षरे आणि डब्यावरची अक्षरे जुळली. तोवर आमची नौका बंदर सोडून गेली होती. मग त्यांनी फॉर्मवरचा कायमचा पत्ता पाहिला.

गॉलच्या धक्क्यावर नौका बांधून मी घरी फोन लावला. पाने शाबूत होते. बिबड्यांचा मात्र चुरा झाला होता. पुढे काही महिन्यांनी मला कपड्यांचे पैसेही मिळाले. पण आई फोनवर त्यातले काही बोलली नाही. ती एवढेच म्हणाली, “पिशवी ते घर उनी. आते तू कव्हय येशी?”

त्या दिवसापासून माझे सामान दोन ठिकाणी असते. रबरी पंखा माझ्या खिशात असतो. आणि वडिलांचे पाने घरी, आईजवळ, त्या दुसऱ्या डब्याशेजारी फळीवर आहेत.